असेंडेल्फ्टचे पांढरे चर्च

मंगळवार, ॲमस्टरडॅम

सप्टेंबरच्या अखेरीस नेदरलँड्सला जायचे ठरले तेव्हाच माझी आणि धाकट्या बहिणीची कामाची वाटणी झाली होती. संग्रहालये मी निवडायची आणि रेल्वे, राहणे, जेवणखाण तिने बघायचे. ती स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे तिचा जीव पूल, बांध आणि कालव्यांच्या दरवाजांत अडकलेला; माझ्या वहीत मात्र रेम्ब्रां, व्हर्मीर आणि फ्रान्स हाल्स ही सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची तीन नावे ठळक लिहिलेली होती. त्याच काळात चर्चच्या वास्तू रंगवणाऱ्या पीटर सानरेदामचे नाव त्या वहीत कुठेही नव्हते. पुढे सगळा प्रवास त्याच्याच मागे गेला, म्हणून ही नोंद.

स्किपोल विमानतळावरून शहराच्या मुख्य स्थानकापर्यंत आगगाडीने पाव तास लागतो. वेगळे तिकीट काढावे लागत नाही, आत शिरताना आणि बाहेर पडताना आपले नेहमीचे बँक कार्ड यंत्राला टेकवले की झाले. सामान टाकून दुपारी आम्ही औदे केर्क, म्हणजे जुने चर्च, पाहायला गेलो. शहरातली सर्वांत जुनी वास्तू म्हणून ते ओळखले जाते. आत पाऊल टाकताच लक्षात येते की जमीन म्हणजे सलग थडग्यांच्या शिळाच आहेत, आणि आपण कोणाच्या तरी नावावरून चालत आहोत. रेम्ब्रांची पत्नी सास्किया हिला १६४२ साली येथेच पुरले. वर लाकडी छत, खाली काळपट दगड आणि मधल्या सगळ्या भिंती जवळजवळ उघड्या. १५६६ साली या प्रदेशात प्रॉटेस्टंट जमावांनी चर्चमधील मूर्ती आणि वेदीवरची चित्रे फोडली, आणि १५७८ मध्ये ॲमस्टरडॅमची सत्ता कॅथलिकांच्या हातून गेल्यावर चर्चेही नव्या पंथाकडे गेली. त्या पंथाला प्रवचन हवे होते, प्रतिमा नको होत्या. एवढी माहिती मी वाचली, डोक्यात ठेवली आणि विसरूनही गेले असते. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली.

बुधवार, राइक्सम्यूझियम

नेदरलँड्सचे हे राष्ट्रीय संग्रहालय सकाळी नऊला उघडते आणि प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन ठरवून घ्यावी लागते. पीटर कौपर्सने आराखडा केलेली ही इमारत १८८५ मध्ये खुली झाली. तिच्या पोटातून सायकलींचा रस्ता आरपार जातो, आणि दहा वर्षे चाललेल्या नूतनीकरणात तो बंद करण्याचा विचार पुढे आला तेव्हा सायकलस्वारांनी तो हाणून पाडला, ही गोष्ट माझ्या बहिणीला आतल्या बहुतेक चित्रांपेक्षा जास्त आवडली.

सगळे लोक जातात तसे आम्हीही आधी दुसऱ्या मजल्यावरच्या मुख्य दालनातून थेट रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’कडे गेलो. १६४२ सालचे हे प्रचंड चित्र २०१९ पासून काचेच्या खोलीत ठेवून अभ्यासले आणि दुरुस्त केले जात आहे, आणि हे काम प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत चालते, ही कल्पना मला फार आवडली. चित्राविषयी मात्र प्रामाणिक सांगायचे तर मला आदर वाटला, आनंद झाला नाही. इतक्या वेळा छापील पाहिलेल्या चित्रापुढे आपण ते पाहत नाही, पूर्वी पाहिलेल्याशी जुळवून घेतो, आणि ते जुळवतानाही शेपन्नास फोन मध्ये असतात. व्हर्मीरच्या ‘दूध ओतणाऱ्या बाई’पाशीही तसेच झाले, फरक इतकाच की तिच्यापुढून हलावेसे वाटत नव्हते.

मराठी माणसाच्या मनात या संग्रहालयाविषयी आणखी एक कोपरा असतोच. ॲमस्टरडॅमचा एके काळचा महापौर निकोलास वित्सेन याच्या संग्रहातला, गोवळकोंड्याला तयार झालेल्या भारतीय राजेरजवाड्यांच्या व्यक्तिचित्रांचा अल्बम येथे आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचे चित्र आहे. कागदावरची अशी चित्रे उजेडाने खराब होतात, त्यामुळे ती कायम मांडून ठेवत नाहीत. आम्हालाही ते दिसले नाही, आणि दिसणार नाही हे ठाऊक असूनही बहिणीने एकदा विचारून घेतलेच.

गर्दीतून सुटण्यासाठी आम्ही थोडे बाजूला सरकलो, आणि तिथे ते होते. आकाराने लहान, जेमतेम ५० बाय ७६ सेंटिमीटरचे, लाकडी फळीवर रंगवलेले. लांबून पाहता त्यात काहीच नाही असे वाटते: फिकट पिवळसर पांढऱ्या भिंती, गोल खांब, टोकदार कमानी, वर लाकडी छत आणि पुढे पसरलेली फरसबंदी. मी पाटी वाचली. असेंडेल्फ्ट या गावच्या संत ओडुल्फस चर्चचा अंतर्भाग, पीटर सानरेदाम, १६४९. पाटी वाचून पुढे जायचे, हा संग्रहालयातला माझा नेहमीचा रिवाज. इथे पाय निघेना.

आधी मला वाटले की चर्च रिकामे आहे. मग दिसले की मागच्या बाजूला माणसे आहेत, बरीच आहेत, आणि त्यांतली काही चक्क जमिनीवर बसून प्रवचन ऐकत आहेत. प्रवचनकार व्यासपीठावर उभा आहे. पण चित्रकाराने त्या माणसांना वास्तूपेक्षा मोठे होऊ दिलेले नाही. आपण उभे आहोत तो गाभाऱ्याकडचा भाग, आणि तिथून पश्चिमेकडे पाहताना समोरची सगळी मोकळी फरशी ओलांडल्याखेरीज त्यांच्यापर्यंत जाता येत नाही. ते अंतर नजरेने चालावे लागते. एक दगड, दुसरा दगड, खांबाचा तळ, त्याची सावली, पुन्हा दगड. ज्या चित्रात घटना दूर कोपऱ्यात आहे आणि जवळ फक्त जमीन आहे, असे चित्र मी यापूर्वी पाहिले असेल, पण ते जमिनीविषयी इतके आस्थेने बोलत नसावे.

जवळ गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. ज्याला मी पांढरे म्हणत होते ते कुठेच नुसते पांढरे नाही. खिडकीजवळच्या भिंतीत सायीचा रंग आहे, कमानीच्या आतल्या वळणावर किंचित राखाडी आहे, खांबाच्या एका अंगाला गुलाबीकडे झुकणारी छटा आहे, आणि यांतल्या कोणत्याही दोन छटांमधली सीमारेषा बोट ठेवून दाखवता येत नाही. रंग इतका पातळ दिला आहे की काही जागी त्याखालची पेन्सिलीसारखी आखणी दिसते. एका कमानीची कड आणि तिच्या खालची आखलेली रेघ यांत केसाएवढे अंतर राहिले आहे. म्हणजे आखल्यानंतरही रंगवताना त्याने आपला विचार जरासा बदलला होता.

“ताई, याने मापे घेतलेली आहेत,” बहीण म्हणाली. ती माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळले नव्हते. “नुसते बघून हे येत नाही. सगळ्या रेषा एकाच जागी जातात बघ, आणि ती जागा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे.” तिने हवेतच बोटाने फरशीच्या सांध्यांच्या रेषा लांबवून दाखवल्या, तेव्हा जवळच्या रखवालदाराने आमच्याकडे एक पाऊल टाकले आणि आम्ही निमूटपणे मागे सरलो.

तिचे म्हणणे खरे होते. सानरेदामची पद्धत आता चांगली माहीत आहे, कारण त्याची रेखाटने मोठ्या संख्येने टिकली आहेत आणि त्यांवर त्याने दिवस, महिना, वर्ष घालून ठेवले आहे. आधी तो प्रत्यक्ष चर्चमध्ये बसून रेखाटन करी. मग इमारतीची मापे घेऊन घरी कागद जोडून प्रमाणबद्ध आखणी करी आणि नजरेचा बिंदू कुठे धरला आहे याची त्यावर खूण करी. ही आखणी फळीवर उतरवून घेतली की मगच रंग. या पायऱ्यांमध्ये कधी काही महिने जात, कधी अनेक वर्षे. असेंडेल्फ्टच्या चित्राचे पहिले रेखाटन १६३४ चे, आखणी १६४३ ची आणि चित्र १६४९ चे आहे. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला उजेड त्याने इतका ताजा कसा ठेवला, हा प्रश्न मला दिवसभर पुरला. बहिणीचे उत्तर सोपे होते: उजेड त्याने आठवला नसेल, भिंतींच्या दिशा माहीत असल्यावर तो काढता येतो. मला हे पटत नाही. दिशा काढता येईल, सायीचा रंग येणार नाही.

आता त्या फरशीतल्या एका दगडाविषयी. पुढच्या भागात एक मोठी थडग्याची शिळा आहे आणि तिच्यावर अक्षरे आहेत. ती चित्रकाराच्या वडिलांच्या थडग्याची शिळा आहे. यान सानरेदाम हा त्या काळातला नावाजलेला तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करणारा कलाकार, हेंड्रिक गोल्त्सियसच्या तालमीत तयार झालेला. तो १६०७ मध्ये वारला, तेव्हा पीटर जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. पुढे आई मुलाला घेऊन हार्लेमला गेली. असेंडेल्फ्ट हे पीटरचे जन्मगाव, आणि हे चर्च त्याच्या गावचे चर्च. वडिलांनी डच ईस्ट इंडिया कंपनीत गुंतवलेल्या पैशांमुळे मुलाला पोटासाठी घाईघाईने चित्रे काढावी लागली नाहीत असे म्हणतात. एका चित्राला पंधरा वर्षे देणाऱ्या माणसाविषयी ते सहज पटते. बाकाच्या लाकडावर त्याने लिहून ठेवले आहे की हे हॉलंडमधील असेंडेल्फ्ट गावचे चर्च आहे, पीटर सानरेदामने ते १६४९ साली २ ऑक्टोबरला रंगवले. सही करायची म्हणून केलेली ही सही नाही, ती चर्चमध्येच कोणीतरी कोरून ठेवल्यासारखी दिसते.

हे सगळे कळायच्या आधीच चित्राने मला धरले होते, हे इथे मुद्दाम नोंदवते. वडिलांच्या थडग्याची हकीकत ऐकून कोणतेही चित्र हळवे वाटू शकते आणि त्या हळवेपणावर माझा विश्वास नाही. पण हकीकत कळल्यावर मी परत गेले, तेव्हा शिळा मला वेगळी दिसेल असे वाटले होते आणि ती तशी दिसली नाही. ती शेजारच्या दगडांइतक्याच काळजीने काढली आहे, तसूभरही जास्त नाही. वडिलांचा दगड म्हणून त्याने त्यावर प्रकाशाचा झोत पाडलेला नाही. दुसऱ्या कोणत्याही चित्रकाराने तो मोह आवरला असता का, शंकाच आहे.

गुरुवार, हार्लेम

मूळ बेत कालव्यांतून होडीने फिरण्याचा होता. तो बहिणीने स्वतःहून रद्द केला आणि सकाळी आम्ही हार्लेमची गाडी पकडली. वीसेक मिनिटांचा प्रवास. सानरेदामने आपले जवळजवळ सगळे आयुष्य याच गावात काढले, येथेच १६६५ मध्ये तो वारला आणि येथल्याच संत बाव्होच्या चर्चमध्ये त्याला पुरले. त्याने सर्वांत जास्त वेळा रंगवलेल्या वास्तूंमध्ये हे चर्च आहे, आणि ते आजही बऱ्याच अंशी तसेच उभे आहे. चित्र आणि जागा ताडून बघायची तर हीच जागा.

मुख्य चौकातून पाहता चर्च गावापेक्षा मोठे वाटते. दाराशी तिकीट काढून आत गेलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती उंची. सानरेदामची चित्रे पाहून मनात जी शांत, रुंद जागा तयार झाली होती तिच्याहून हे फार उभे आणि फार खरे होते. खांबांवर डाग होते, खुर्च्यांच्या रांगा होत्या, एका कोपऱ्यात कोणी शिडी लावली होती. गाभाऱ्यापुढे पितळी जाळीचा सुंदर पडदा आहे. छतापासून जुन्या जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. १५७२-७३ च्या स्पॅनिश वेढ्यातला म्हणून सांगितला जाणारा तोफगोळा भिंतीत रुतलेला आहे. फ्रान्स हाल्सही येथेच पुरलेला आहे. पश्चिमेकडच्या भिंतीवर क्रिस्टियान म्युलरने १७३५ ते १७३८ या काळात बांधलेला अवाढव्य ऑर्गन आहे. त्याला पाच हजारांहून अधिक नळ्या आहेत आणि १७६६ मध्ये दहा वर्षांच्या मोझार्टने तो वाजवला होता. सानरेदामने पाहिलेला ऑर्गन हा नव्हे. राइक्सम्यूझियममध्ये त्याचे १६३६ चे एक उभे चित्र आहे, त्यात पंधराव्या शतकातला जुना ऑर्गन आहे आणि त्याच्या उघड्या झडपेवर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे चित्र रंगवलेले दिसते. प्रतिमा फोडल्या गेल्या त्या धामधुमीतही एवढी एक प्रतिमा भिंतीवर राहून गेली होती, आणि पांढऱ्याशुभ्र चर्चमध्ये नेमकी तीच रंगवावी असे त्याला वाटले.

मग आम्ही त्याची जागा शोधू लागलो. बहिणीने फोनवर त्याची बाव्होची चित्रे उघडली होती; संग्रहालये आता ती इतक्या बारकाईने उपलब्ध करून देतात की घरबसल्या फरशीचे सांधे मोजता यावेत. एका खांबापाशी चित्र आणि चर्च जुळले, निदान डावी बाजू जुळली. उजवी बाजू जुळवायला मान वळवावी लागत होती, आणि वरची कमान पाहायला मान उचलावी लागत होती. चित्रात हे सगळे एका नजरेत मावते. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरूनही आम्हाला ते मावेना. म्हणजे हा मापे घेणारा, तारखा लिहिणारा, काटेकोर माणूस मापे घेऊन झाल्यावर खुशाल त्यांच्याशी खेळत होता. खांब थोडे सडपातळ करायचे, कमान थोडी उंच न्यायची, दोन भिंतींना जरा मोकळे सोडायचे. अभ्यासकांनी त्याच्या आखण्या आणि चित्रे शेजारी ठेवून हे बदल दाखवून दिलेले आहेत. माझ्या बहिणीला हे थोडे लागले, कारण तिने त्याला आपल्या व्यवसायातला मानले होते. “ड्रॉइंगला ड्रॉइंगसारखे वागायला नको का?” ती म्हणाली. मला उलट हायसे वाटले.

याच्या उलट टोकाला इमान्युएल द विटे हा चित्रकार आहे. त्याचीही चर्चची चित्रे आम्ही आदल्या दिवशी पाहिली होती. तो वेगवेगळ्या चर्चचे भाग एकत्र करून न असलेले चर्च उभे करी, त्यात उन्हाचे पट्टे, उघडे खोदलेले थडगे, कुत्री, गप्पा मारणारे लोक भरी, आणि त्याच्या चर्चमध्ये शिरताच आपल्याला तिथे कोणीतरी भेटेल असे वाटते. तो अधिक रंजक आहे यात वाद नाही. पण त्याच्या चित्रातला उजेड एखाद्या जागेवर पडलेला असतो. सानरेदामच्या चित्रात उजेड सगळ्या हवेत मुरलेला असतो. बाव्होमध्ये साडेअकराच्या सुमारास ढग आला आणि उन्हाच्या कवडशांची नक्षी खांबांवरून पुसली गेली, तेव्हा पांढऱ्या भिंतींतला तो मुरलेला उजेड मला प्रत्यक्ष दिसला. ऊन असताना तो दिसत नव्हता. त्याच्या चित्रांत कडक ऊन इतके कमी का, याचे एक कारण तरी मला तिथे सापडल्यासारखे झाले.

दुपारी फ्रान्स हाल्स संग्रहालय. वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांची, आणि त्याहून जास्त विश्वस्त स्त्रियांची, म्हाताऱ्या हाल्सने १६६४ च्या सुमारास केलेली समूहचित्रे जबरदस्त आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहायचे तर स्वतंत्र लिहायला हवे.

शुक्रवार, द हेग

माउरित्सहाउस हे संग्रहालय लहान आहे आणि लहान असल्यामुळेच मनासारखे पाहता येते. मोत्याचे डूल घातलेली मुलगी पाहिली, फाब्रित्सियसचा साखळीने बांधलेला इवलासा पक्षी पाहिला. येथे पाहिलेले सानरेदामचे चित्र १६५५ चे, ऱ्हेनेन गावच्या कुनेरा चर्चचे आहे. चांगले आहे, पण असेंडेल्फ्टनंतर ते मला थोडे हिशेबी वाटले. दिवसभर पाऊस होता आणि आमच्यापैकी एकीचे बूट आतून ओले होते, याचाही त्या मतात वाटा असू शकेल.

शनिवार, उट्रेख्त

१६३६ मध्ये सानरेदाम उट्रेख्तला आला आणि सुमारे वीस आठवडे राहिला. त्या काळात शहरात प्लेग होता. त्याने एकामागून एक चर्चमध्ये बसून रेखाटने केली आणि पुढची पंचवीस वर्षे त्या शिदोरीवर चित्रे काढली. प्लेगच्या गावात रोज उठून खांबांची उंची मोजायला जाणारा, पाठीला कुबड असलेला हा माणूस (त्याचा मित्र, वास्तुविशारद याकोब फान काम्पेन याने त्याचे काढलेले चित्र आहे, त्यात ते स्पष्ट दिसते) मला दिवसभर पुढे चालताना दिसत होता.

येथे आम्ही शोधत होतो त्या दोन चर्चचे ताडून पाहण्याजोगे फार काही उरलेले नाही, आणि म्हणूनच यायचे. डोम चर्चचा मनोरा ११२ मीटर उंच आहे, पण तो चर्चपासून तुटून एकटा उभा आहे. १ ऑगस्ट १६७४ रोजी आलेल्या वादळात चर्चचा मधला संपूर्ण भाग कोसळला आणि तो पुन्हा कधी बांधला गेला नाही. मनोरा आणि उरलेला गाभारा यांच्यामध्ये आता चौक आहे. त्याच्या फरसबंदीत पूर्वीच्या खांबांच्या आणि भिंतींच्या जागा वेगळ्या दगडांनी दाखवल्या आहेत, त्यांवर पाय ठेवत चालले की नाहीशा झालेल्या सभागृहाची रुंदी पावलांना कळते. सानरेदामने ते सभागृह उभे असताना पाहिले होते, काढले होते. वादळ झाले तेव्हा तो जाऊन नऊ वर्षे झाली होती.

मारियाकेर्कची गोष्ट याहून थेट आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीला सुरू झालेले हे चर्च त्याला फार प्रिय होते. राइक्सम्यूझियममध्ये त्याचे १६४१ चे मोठे चित्र आहे, असेंडेल्फ्टच्या चित्राहून बरेच मोठे. एकोणिसाव्या शतकात ते टप्प्याटप्प्याने पाडले गेले. आता मारियाप्लाट्स या चौकात त्याच्या जागी संगीत विद्यालयाची इमारत आहे आणि चर्चला लागून असलेल्या प्रांगणाच्या ओवऱ्या तेवढ्या शिल्लक आहेत. बुटक्या गोल कमानी, मधोमध बाग. आम्ही तिथे बसलो असताना वरच्या एका खिडकीतून कोणी व्हायोलिनवर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा घोटत होते आणि दर वेळी एकाच जागी अडत होते. मारियाकेर्क आतून कसे होते हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला आज सानरेदामच्या कागदांकडेच जावे लागते. बहीण म्हणाली, “कमान थोडी उंच केलेली असली, तर इतिहासकारांचे काय?” प्रश्न रास्त आहे. त्यांच्याकडे त्याच्या आखण्याही आहेत, एवढेच मला सुचले. थापा मारण्याआधीचा हिशेब त्याने जपून ठेवला आहे.

असेंडेल्फ्टलाही हेच झाले. ते मध्ययुगीन चर्च १८५२ मध्ये पाडले. ज्या शिळेवर त्याच्या वडिलांचे नाव होते ती जिथे होती, ती फरशीच आता त्या जागी नाही. चित्र काढताना हे होणार आहे याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. गावचे चर्च तर कायम राहणार, असेच कोणीही धरून चालतो.

रविवार, पुन्हा ॲमस्टरडॅम

विमान संध्याकाळचे होते. बहिणीने सकाळी बंदराकडे जाऊन एक उघडझाप होणारा पूल पाहिला आणि मी राइक्सम्यूझियममध्ये गेले. नऊला दार उघडल्या उघडल्या बहुतेक लोक ‘नाइट वॉच’कडे वळतात, त्यामुळे असेंडेल्फ्टच्या चर्चपुढे पहिली वीस मिनिटे माझ्याखेरीज कोणी नव्हते. या वेळी मी दूरच्या माणसांकडे नीट पाहिले. जमिनीवर बसलेल्या त्या आकृतींपैकी बहुतेकांचे चेहरे काढलेलेच नाहीत, रंगाचा एकेक ठिपका आहे. तरीही बसण्याच्या ढबीवरून कोण ऐकत आहे आणि कोणाचे लक्ष उडाले आहे ते ओळखता येते. सानरेदामच्या काही चित्रांतली माणसे दुसऱ्या चित्रकारांनी भरली आहेत असे मी वाचले होते. या चित्रातली कोणाची हे मला सांगता येणार नाही, पण ज्याने कोणी ती भरली, त्याला कंटाळवाण्या प्रवचनांचा चांगला अनुभव असला पाहिजे.

याच संग्रहालयात त्याचे आणखी एक चित्र आहे. ते मी बुधवारी घाईत ओलांडून गेले होते. ॲमस्टरडॅमच्या जुन्या नगरभवनाचे, १६५७ मध्ये रंगवलेले. मोडकळीला आलेल्या विटा, काळवंडलेले दगड, खाली दुकानांसारखे गाळे. चित्रावरच त्याने लिहून ठेवले आहे की या इमारतीचे रेखाटन त्याने १६४१ मध्ये केले. ती १६५२ मध्ये जळाली. म्हणजे रंग देताना समोर काहीही नव्हते, सोळा वर्षांपूर्वीचा कागद होता. त्या जागी त्याच्याच मित्राने, फान काम्पेनने, आराखडा केलेले नवे नगरभवन तोवर उभे राहिले होते. डाम चौकातला आजचा राजवाडा तो हाच. नव्या इमारतीच्या महापौरांनी जुन्या इमारतीचे हे चित्र ४०० गिल्डर देऊन विकत घेतले आणि आपल्या दालनात लावले.

त्या सौद्यात एक शहाणपण आहे आणि चित्रही उत्तम आहे. तरी दोन्हींतले एकच पाहायला मिळेल असे कोणी म्हणाले, तर मी असेंडेल्फ्टचे निवडीन. नगरभवन जळाल्यामुळे त्याला ते जुन्या कागदावरून रंगवावे लागले. असेंडेल्फ्टचे चर्च चांगले धडधाकट उभे होते, हार्लेमहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे होते, आणि तरीही त्याने त्याला पंधरा वर्षे दिली.